पोर्ट्रेटवर हात फिरवताना

पोर्ट्रेट फोटोवर रिटचिंग, म्हणजे फोटो काढल्यानंतरची दुरुस्ती, किती करावे, असे कोणी विचारले की ‘कमीत कमी’ हे उत्तर ठरलेले असते. ऐकायला ते शहाणपणाचे वाटते, पण प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या पदरात त्यातून काहीच पडत नाही. गालावरच्या सगळ्या पुटकुळ्या काढूनही माणूस तोच राहतो आणि जबड्याची कड जरा आत ढकलली की ओळखीच्या लोकांनाही काहीतरी खटकू लागते. माझे मत असे आहे की कॅमेऱ्याने, प्रकाशाने किंवा त्या विशिष्ट दिवसाने चेहऱ्यावर जे आणून ठेवले असेल ते खुशाल काढावे. जन्माने आणि वयाने जे दिले आहे, त्याला मात्र फोटोतल्या व्यक्तीने स्वतःहून सांगितल्याशिवाय हात लावू नये.

‘जसा आला तसा फोटो’ हाच खरा, असे मानणारे पुष्कळ आहेत. कॅमेरा डोळ्यासारखा पाहत नाही, हे ते सोयीस्करपणे विसरतात. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेट निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देत आणि लाल रंग त्यांना जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे त्वचेवरचा लालसर डाग किंवा वांग प्रत्यक्षापेक्षा कितीतरी गडद उमटे. निगेटिव्हवर अशी जागा पारदर्शक राही आणि रिटचर टोकदार शिसपेन्सिलीने ती भरून काढी, म्हणजे छापताना तेथे उजळ येई. म्युनिकचे छायाचित्रकार फ्रांझ हान्फश्टेंगल यांनी 1855 च्या पॅरिस प्रदर्शनात रिटच केलेल्या निगेटिव्हचे काम मांडले होते, तेव्हा हा प्रकार फोटोशॉप या संगणकीय सॉफ्टवेअरने आणला अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. फोटोशॉप 1990 मध्ये आले आणि त्यातला हीलिंग ब्रश, म्हणजे डाग पुसण्याचे साधन, 2002 मध्ये. तोवरचे पेन्सिलीचे काम वेळखाऊ असल्याने एकेक डाग काढावा की नाही, याचा विचार आपोआपच होत असे. आता एक स्लायडर सरकवला की सगळा चेहरा एकदमच गुळगुळीत होतो आणि विचार करण्याचा प्रसंगच येत नाही.

कॅमेऱ्याची आजची चूक लाल रंगाची नसून अंतराची आहे. साधारण 30 सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक दीड मीटरवरून दिसते त्यापेक्षा सुमारे 30 टक्के रुंद भासते, असा हिशेब 2018 मधल्या एका अभ्यासात मांडला गेला होता. असे नाक सॉफ्टवेअरमध्ये बारीक करण्यात मला अप्रामाणिकपणा दिसत नाही. (अर्थात दोन पावले मागे जाऊन पुन्हा फोटो काढणे त्याहून सोपे असते, पण ते कोणाला सुचत नाही.)

खरी कसोटी त्वचेवर लागते. कसलेला रिटचर फोटोचे दोन थर करतो. खालच्या थरात रंग आणि उजेड-सावली असते, तर वरच्या थरात रंध्रे, लव आणि बारीक रेषा. डागाळलेला रंग खालच्या थरात एकसारखा केला तरी वरचा पोत शाबूत राहतो. नवखा माणूस दोन्ही एकदमच पुसट करतो आणि मग चेहरा एका वयाचा, हनुवटीला टेकलेला हात दुसऱ्या वयाचा आणि कान तिसऱ्याच कोणाचा, असे विचित्र मिश्रण तयार होते. डोळ्यांखालच्या काळसर भागाचेही तसेच आहे. तिथे मुळात एक खोलगट रेषा असते. ती साफ बुजवली की डोळे सुजल्यासारखे दिसतात, म्हणून मी ती सावली निम्म्याने हलकी करून थांबतो. बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावर वरच्या पापणीची सावली पडलेली असते, ती घालवून तो भाग शुभ्र केला तर डोळा सपाट आणि चिकटवल्यासारखा वाटतो. हसताना गाल वर उचलले गेले की डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडणारच. हसू ठेवून फक्त त्या सुरकुत्या काढल्या तर ते हसू ओढूनताणून आणलेले वाटू लागते.

एका बाबतीत मात्र मी मुळीच ऐकून घेत नाही, आणि ती म्हणजे त्वचेचा रंग. ‘टाइम’ साप्ताहिकाने जून 1994 मध्ये खुनाचा आरोप झालेले अमेरिकी माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर काळवंडून छापला, तर ‘न्यूजवीक’ने तोच फोटो मूळ स्वरूपात छापला, दोन्ही अंक शेजारी ठेवले की पहिल्यातला माणूस किती भीतिदायक केला गेला आहे, हे सांगावे लागत नाही. खूश करण्यासाठी चेहरा उजळवणे हा मला त्याच कृत्याचा गोड बोलणारा भाऊ वाटतो. व्हाइट बॅलन्स सुधारणे, म्हणजे प्रकाशामुळे फोटोवर आलेली रंगाची झाक काढणे, वेगळे. अंगातला पांढरा सदरा पांढरा दिसू लागला की रंगदुरुस्ती संपली. त्यानंतर फक्त चेहराच उजळू लागला, तर ती दुरुस्ती उरत नाही.

उरलेल्या बहुतेक गोष्टी विचारून ठरवाव्यात. फोटो काढण्याआधी मी विचारतो, की चेहऱ्यावरची कोणती खूण राहू द्यायची? उत्तरे अनपेक्षित असतात. एखाद्याला तीळ नको असतो, तर एखादी व्यक्ती कांजण्यांचा खड्डा आवर्जून ठेवायला सांगते. अभिनेत्री केट विन्स्लेट यांचे पाय एका मासिकाने 2003 मध्ये मुखपृष्ठावर बारीक करून छापले, तेव्हा आपण तशा दिसत नाही आणि तसे दिसण्याची इच्छाही नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते. मला त्या तक्रारीत न विचारता केलेला बदल अधिक महत्त्वाचा वाटतो.

संमती असली तरी काही ठिकाणी ती पुरत नाही. पासपोर्टच्या फोटोत चेहऱ्यात फेरफार चालत नाही, कारण तेथे ओळख पटवायची असते. जाहिरातीत पाहणाऱ्याची फसगत होते. म्हणून फ्रान्सने ऑक्टोबर 2017 पासून शरीराचा आकार बदललेल्या, आणि नॉर्वेने जुलै 2022 पासून आकार किंवा त्वचा बदललेल्या जाहिरात-फोटोंवर तशी सूचना छापणे सक्तीचे केले.

स्वतःहून कोणी ‘हनुवटी जरा कमी करा’ म्हणाले तर? आधी मी कॅमेरा डोळ्यांच्या किंचित वर नेतो, हनुवटी थोडी पुढे आणि खाली घ्यायला सांगतो, आणि बहुतेक वेळा मागणी तिथेच मिटते. तरीही आग्रह राहिला तर करून देतो. चेहरा त्यांचा आहे, माझा नाही. हात न लावलेली मूळ फाइल मात्र सोबत देतो आणि ती पुसू नका, एवढे बजावून सांगतो.