पैसे भरूनही काळा पडदा

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या घरापासून नेवार्कचं प्रुडेन्शियल सेंटर हे स्टेडियम ट्रेनने पाऊण तासावर. तिथे माझे लाडके टोरंटो मेपल लीफ्स आणि न्यू जर्सी डेव्हिल्स यांची आइस हॉकीची मॅच असली की ती मला घरी बसून दिसत नाही. तेच लीफ्स व्हँकुव्हरला, जवळजवळ चार हजार किलोमीटरवर खेळत असले की झकास दिसतात. हे गौडबंगाल उमगायला मला एक अख्खा मोसम लागला आणि बायकोची बोलणी खावी लागली ती वेगळीच.

इथे यायच्या आधी सात वर्षं टोरंटोशेजारच्या मिसिसागात काढली. बर्फावरची हॉकी मी शिकलो ती इंग्रजीत नाही, पंजाबीत! कॅनडात शनिवारच्या ‘हॉकी नाइट’चं पंजाबी समालोचन २००८ पासून चालू आहे. घरमालक सरदारजी, त्यांच्या बेसमेंटमध्ये आम्ही दोघं भाडेकरू, आणि शनिवारी वरून हाक यायची. पकला, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीला, तिथे ‘टिक्की’ म्हणतात, स्लॅप शॉट या जोरदार फटक्याला ‘चपेड शॉट’. पहिल्या दिवशी मला भूकच लागली होती. पण खेळ डोक्यात शिरला तो असा, आणि लीफ्सही त्याच सोफ्यावर चिकटले. १९६७ नंतर ज्यांनी स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचललेला नाही त्यांच्या नादी लागायला फार अक्कल लागत नाही, हे आधीच मान्य करून टाकतो.

मग नोकरीमुळे न्यू जर्सी. म्हटलं, टीव्ही काय, पैसे टाकले की दिसेल. ‘आउट ऑफ मार्केट’, म्हणजे बाहेरगावच्या संघांच्या मॅचचं पॅकेज घेतलं, वर्षाचे पैसे एकदम भरले. पहिल्या दोन मॅच मजेत. तिसरी डेव्हिल्सशी. समोसे गरम केले, टीव्ही लावला, तर काळ्या पडद्यावर दोन ओळी: हा सामना तुमच्या भागात उपलब्ध नाही. मी राउटर तीनदा बंद-चालू केला. बायको म्हणाली, “अरे, आधी वाचायचं तरी ना.” खरंच वाचलं नव्हतं.

भानगड अशी आहे. एनएचएल या अमेरिका-कॅनडाच्या हॉकी लीगमध्ये ३२ संघ, आणि प्रत्येकाचा एक ‘घरचा’ प्रदेश. त्या प्रदेशात त्याची मॅच दाखवायचा हक्क स्थानिक वाहिनीने मोजून पैसे देऊन घेतलेला. तुम्ही त्या प्रदेशात राहत असाल तर बाहेरगावच्या पॅकेजमध्ये ती मॅच झाकली जाते. सातबाऱ्यावर जितकी नावं तितके वाटेकरी, तसंच. आमचं नशीब असं की इथे डेव्हिल्स, रेंजर्स आणि आयलँडर्स असे तिघं वाटेकरी. लीफ्स प्रत्येकाशी मोसमात तीनदा खेळतात. म्हणजे ८२ पैकी नऊ मॅच गेल्या. त्यात देशभर दाखवायच्या म्हणून दुसऱ्याच वाहिनीने उचललेल्या मॅच आणखी वजा.

२०२१ पासून अमेरिकेत हा बाहेरगावचा माल ईएसपीएन प्लस या स्ट्रीमिंग सेवेकडे आला आणि मोसमात हजारावर मॅच एका जागी मिळू लागल्या. आधीपेक्षा बरंच बरं, यात वाद नाही. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी २०१२ मध्ये या झाकाझाकीवरून, म्हणजे ब्लॅकआउटवरून, लीगला कोर्टात खेचलं होतं. २०१५ मध्ये तडजोड झाली, एकाच संघाचं स्वस्त पॅकेज देणं भाग पडलं. मला एकच संघ बघायचाय, उरलेल्या ३१ चे पैसे का भरू, हा साधा प्रश्न. पण ब्लॅकआउट काही उठला नाही.

आता तुम्ही म्हणाल, व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवर आपण दुसऱ्या देशात असल्याचं भासवायचं. सगळे तेच म्हणतात. मीही केलं. कॅनडातल्या सेवेला कार्डही कॅनडाचं लागतं, म्हणून सरदारजींच्या मुलाचा पासवर्ड मागितला. दुसऱ्या पिरियडमध्ये चित्र गोठलं, नंतर पुन्हा खातरजमा करा म्हणून कोड त्याच्या फोनवर, आणि तो बिचारा नाइट शिफ्टला. शिवाय हे सेवेच्या नियमांत बसत नाही, आणि दुसऱ्याचं खातं बंद पडलं तर तोंड कुठे लपवायचं? चोरट्या लिंका तर विचारूच नका. एक जाहिरात मिटवली की चार उघडतात.

मला राग पैशाचा नाहीच. पैसे घेताना ‘या नऊ मॅच दिसणार नाहीत’ एवढं बिलाशेजारी ठळक लिहा की! पिनकोड तर तुम्ही आधीच विचारून घेता.

खरं तर या खेळाला सरहद्द कधी अडली नव्हती. १९३० च्या दशकात कॅनडाचा समालोचक फॉस्टर ह्यूइट रेडिओवर सुरुवातच करायचा, “हॅलो कॅनडा, आणि अमेरिका व न्यूफाउंडलंडमधले हॉकीप्रेमी.” न्यूफाउंडलंड तेव्हा कॅनडात नव्हतं, ते १९४९ मध्ये आलं. म्हणजे परदेशी श्रोता पहिल्या वाक्यापासून हिशेबात होता.

शेवटी माझ्या कामी आले दोन जुने उपाय. डेव्हिल्सशी मॅच असली की ट्रेन. नेवार्क पेन स्टेशनला उतरून पाच-सात मिनिटं चालायचं, सोबत लीफ्सच्या निळ्या जर्सीतले अर्धा डबाभर लोक. वरच्या रांगेचं तिकीट. जी मॅच टीव्हीवर झाकलेली, तीच डोळ्यांसमोर. दुसरा उपाय रेडिओ. लीगच्या ॲपवर संघांचं रेडिओ समालोचन फुकट ऐकता येतं. मिसिसागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गोलची बोंब आधी येते, म्हणून फोन म्यूट करायला मात्र विसरायचं नाही.

गेल्या डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हाही हाच रेडिओ. टोरंटोचे शनिवारचे संध्याकाळी सात म्हणजे आपले रविवारचे पहाटे साडेपाच. स्वयंपाकघरात ओट्याजवळ फोन ठेवून, आवाज बारीक करून बसलो होतो. आई उठून आली.

“कोण भांडतंय रे एवढ्या सकाळी?”

“हॉकी आहे, आई.”

“हॉकी? खडकीच्या धनराज पिल्लेची?”

“ती नव्हे. ही बर्फावरची.”

तिने गॅसवर चहा ठेवला. फोनमधून सलग ओरडा झाला, मी मांडीवर थाप मारली, लीफ्सनी गोल खाल्ला होता. सव्वासातच्या सुमाराला दुसरा ब्रेक झाला.

“संपलं का?”

“नाही गं, अजून वीस मिनिटांचा खेळ आहे.”

“मग पोहे आत्ता भिजवत नाही,” म्हणाली, आणि स्टूल ओढून फोनजवळ बसली.