कम्यूट म्हणजे पास!

परवा भाची नव्या नोकरीचा फॉर्म भरत होती. 'कम्यूट टाइम' असा एक रकाना होता, म्हणजे रोज ऑफिसला जायला-यायला लागणारा वेळ. तिने तो मोठ्याने वाचला, तर आतल्या खोलीतून बाबा ओरडले, "मी चाळीस टक्के केली होती!" त्यांना वाटलं पेन्शनचं चाललंय. आम्ही हसलो खरे, पण शब्दाच्या मुळाशी बाबाच जास्त जवळ होते.

लॅटिनमध्ये 'कॉम्युटारे' म्हणजे बदलणं, एकाच्या जागी दुसरं घेणं. म्हणून फाशीची जन्मठेप झाली की शिक्षा 'कम्यूट' झाली म्हणतात. केंद्र सरकारी नोकर निवृत्त होताना 40 टक्क्यांपर्यंत पेन्शन देऊन एकरकमी पैसे घेतो, तेही कम्यूट. तो भाग 15 वर्षांनी परत सुरू होतो. कागदावर याला 'अंशराशीकरण' म्हणतात (एका दमात म्हणून दाखवा!), बाबांच्या ऑफिसात नुसतं 'पेन्शन विकली'.

यात प्रवास घुसला तो अमेरिकन रेल्वेमुळे. 1840 च्या दशकात तिथे 'कम्युटेशन तिकीट' आलं. रोजच्या सुट्ट्या भाड्याऐवजी एकदाच ठोक आणि कमी रक्कम. थोडक्यात, पास! ते तिकीट बाळगणारा कम्यूटर, आणि शतक संपता संपता त्याचं जाणं-येणंही कम्यूट झालं.

या हिशेबाने अस्सल कम्यूटर म्हणजे डेक्कन क्वीनचे पासवाले. 1930 पासून धावणाऱ्या त्या गाडीत मीही चार वर्षं काढलीत. प्लॅस्टिकच्या पाकिटात पुढून माझा घामट फोटो, मागून गजानन महाराज. लग्नाचा वाढदिवस विसरेन, पास संपायची तारीख नाही. कात्रजहून हिंजवडीला रोज पेट्रोल जाळत जाणार असलेल्या भाचीला कुणी दिलीय ठोक सवलत?

आणि कम्यूटला मराठीत 'दैनंदिन प्रवास' लिहितात ते मला अजिबात पटत नाही. प्रवास म्हणजे दशम्या बांधून निघणं, पोचल्यावर घरी फोन करणं. आपल्याकडे 'अप-डाउन करणे' आहे ना! लोणावळ्याची माणसं पुण्याला अप-डाउनच करतात. दोन्ही शब्द इंग्रजी, पण त्यांना 'करणे' जोडून क्रियापद केलं ते आपण. शिवाय परतायचंही आहे, हे त्यात आपोआप येतं. 'कम्यूट'मध्ये ते कुठे दिसतं?

भाचीने शेवटी रकान्यात लिहिलं, 'अप-डाउन मिळून तीन तास.' मग पुढे कंसात, 'पाऊस नसेल तर.'