‘चहा-बिस्किटांचा क्लब’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आमच्या पुण्यातल्या वाहतूक अभियंत्यांच्या संघटनेचा गेल्या महिन्याचा वृत्तान्त मी इथे लिहिला होता. त्याखाली ‘एक करदाता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो (त्यातली ‘बीआरटी’ म्हणजे बससाठी राखून ठेवलेली मार्गिका):

“दर महिन्याला तेच. व्याख्यान, चहा-बिस्किटं, शाल-श्रीफळ आणि ग्रुप फोटो. निवृत्त म्हाताऱ्यांचा क्लब आहे हा. विद्यापीठ चौकातले पूल पाडले, नगर रस्त्याची बीआरटी उखडली, तेव्हा तुमच्या संघटनेने चार ओळींचं जाहीर मत तरी दिलं का? आणि फुटपाथची किमान रुंदी दीड मीटर नाही, १.८ मीटर असते. संघटनेचे वृत्तान्त लिहिता, निदान मानकं तरी वाचा.”

उत्तर द्यायचं नाही असं दोन दिवस ठरवलं होतं. घरातूनही तोच सल्ला होता. पण काल रात्री झोपताना पुन्हा ‘चहा-बिस्किटं’ आठवलं आणि उठून बसलो. तेव्हा लिहितोच.

आधी जे बरोबर आहे ते मान्य करतो. फुटपाथच्या रुंदीचा आकडा माझा चुकला. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, १९८८च्या आवृत्तीत किमान रुंदी दीड मीटर होती. २०१२च्या सुधारित आवृत्तीत ती १.८ मीटर झाली. मी ज्या वयात ही पुस्तिका पाठ केली त्या वयातला आकडा हाताखालून गेला. चूक माझी, संघटनेची नाही. ती दाखवल्याबद्दल आभार. हेच एक वाक्य लिहून तुम्ही थांबला असतात तर मी तुमचं जाहीर कौतुक केलं असतं.

पण तुम्ही थांबला नाहीत. तुम्हाला टोमणा मारायचा होता आणि त्यासाठी तुम्ही चहा निवडलात. मग चहाबद्दलच बोलू.

१९९४ साली मी एका सल्लागार कंपनीत नोकरीला होतो. वय सत्तावीस. शहरातल्या एका चौकाच्या सिग्नलचं वेळापत्रक बसवायचं काम माझ्याकडे आलं. कंपनीचं आणि चौकाचं नाव देत नाही, कारण चूक माझ्या हातची होती. चारही बाजूंची वाहनं दोन दिवस मोजून घेतली. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतल्या वेबस्टरने १९५८ साली दिलेलं सूत्र आम्ही सगळेच वापरायचो: वाया जाणाऱ्या वेळेची दीडपट, त्यात पाच, आणि भागिले एक वजा प्रवाह-गुणोत्तरांची (येणारी वाहनं भागिले त्या बाजूची क्षमता) बेरीज. त्यावरून सिग्नलचं एक पूर्ण चक्र किती सेकंदांचं असावं ते निघतं. मी ते दशांशात काढलं होतं. कागद इतका नीटनेटका झाला होता की मी तो मुद्दाम संघटनेच्या सभेला घेऊन गेलो. कुणीतरी बघावा आणि शाबासकी द्यावी एवढीच इच्छा होती.

व्याख्यान संपलं. चहा सुरू झाला. आमचे एक ज्येष्ठ सर होते, तेव्हाच निवृत्त झालेले, तुमच्या भाषेत म्हातारे. त्यांनी एका हातात कप धरून दुसऱ्या हाताने माझा कागद वाचला. वाहनांच्या रकान्यांवर बोललेच नाहीत. विचारलं, “रस्ता किती रुंद आहे?” म्हटलं, पंधरा मीटर, मध्ये दुभाजक नाही. “आणि चालणाऱ्यांना हिरवा किती?” मी म्हटलं, अकरा सेकंद. वाहनांना वाटून जे उरलं ते मी पादचाऱ्यांना दिलं होतं.

सरांनी कप टेबलावर ठेवला आणि कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला हिशोब मांडला. माणसाचा चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरायचा. पंधरा मीटरला साडेबारा सेकंद. शिवाय दिवा हिरवा झालेला दिसणं, गाड्या खरंच थांबल्या का हे बघणं, पाऊल उचलणं, यासाठी सुरुवातीचे सात सेकंद. झाले साडेएकोणीस. माझे अकरा. म्हणजे जो माणूस दिवा लागताक्षणी निघेल आणि जराही रेंगाळणार नाही, तोसुद्धा पलीकडे पोचायच्या आत गाड्या सुटणार.

“घरी आई आहे ना?” त्यांनी विचारलं. “तिला घेऊन एकदा हा रस्ता ओलांडून बघा.”

त्या रविवारी मी आईला घेऊन चौकात गेलो. तिचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते. माझं वेळापत्रक अजून सिग्नलवर चढलं नव्हतं, म्हणून मी घड्याळ हातात धरून अकरा सेकंद मोजले. अकरा झाले तेव्हा आम्ही रस्त्याच्या मधोमधही नव्हतो. आईला यातलं काही माहीत नव्हतं. समोरून येणाऱ्या रिक्षा बघून तिने माझी बाही पकडली आणि म्हणाली, “चल, परत फिरू.” सोमवारी ऑफिसात जाऊन मी तो आराखडा मागे घेतला. वरिष्ठ चिडले, वाहनांची रांग लांबेल म्हणाले. लांबली असेल. पादचाऱ्यांना वीस सेकंद मिळाले.

हे चहाच्या टेबलावर झालं. व्याख्यानात झालं नसतं, कारण भर सभेत उठून मी कागद दाखवला नसता आणि भर सभेत सरांनी माझी चूक काढली नसती. ऑफिसात झालं नसतं, कारण तिथे तपासणाऱ्याला वाहनांच्या रकान्यापलीकडे बघायला सवड नव्हती. दोन अभियंते, एकाचा पगार दुसऱ्याच्या हातात नाही, एकाला दुसऱ्याकडून टेंडर नको, आणि मध्ये एक कागद. हे जिथे जमतं त्या जागेला संघटना म्हणतात. तुम्हाला तिथे फक्त बिस्किटं दिसली.

तुम्ही म्हणाल, एका माणसाची एक गोष्ट. एकच नाही. तीस वर्षांत मी स्वतः किमान दहा-बारा जणांचे आराखडे असेच चहाच्या वेळी बघितले आहेत. कुठे थांबारेषा झेब्रा पट्ट्यांना चिकटलेली, कुठे बसथांब्याचा खांब फुटपाथच्या ऐन मध्यावर, कुठे वळणाची त्रिज्या एवढी मोठी की गाडीला वेग कमी करायचं कारणच उरत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १९८ अ आलं. रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत ठरलेली मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड माणूस गेल्यावर आहे. चहाच्या टेबलावरचा प्रश्न माणूस जायच्या आधीचा आहे. यातलं महत्त्वाचं काय हे तुम्हीच ठरवा.

आणि अभियंत्यांनी एकत्र बसून बोलण्याला तुम्ही एवढं हलकं समजता, तर ज्या मानकाचा आकडा तुम्ही माझ्या तोंडावर फेकलात ते आलं कुठून? १९२७ साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली देशातल्या रस्त्यांसाठी समिती नेमली गेली. देशभरातल्या रस्ते अभियंत्यांनी ठरावीक काळाने एकत्र बसून अनुभवांची देवाणघेवाण करावी हा विचार त्या समितीच्या शिफारशींतून आला आणि डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयात तुम्ही कधी अभ्यास केला असेल, तर नाव ओळखीचं असेल. तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक आयआरसी पुस्तिका अशीच बनली आहे: खोलीत बसलेली माणसं, कागद, वाद, पुन्हा कागद. दीडचे १.८ मीटर कुणी उंटावरून ओरडून झाले नाहीत.

‘निवृत्त म्हातारे’ याबद्दल. साहेब, वय हा काही आरोप होऊ शकत नाही. मी कॉलेजात असताना, १९८८ साली, अलका टॉकीजच्या चौकात पहाटेपासून रात्रीपर्यंत उभं राहून वाहनं मोजली आहेत. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. त्या वेळी माझ्या तक्त्यातला सायकलींचा रकाना सगळ्यात आधी भरायचा आणि मला मागून जादा कागद जोडावा लागायचा. आज त्या चौकात उभं राहिलात तर कुठला रकाना आधी भरेल हे वेगळं सांगायला नको. हा बदल ज्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि हाताने मोजला ती ही म्हातारी माणसं आहेत. त्यांना शाल दिली तर तुमच्या कराचा एक रुपया त्यात जात नाही. वर्गणी आमची, शाल आमची, नारळही आमचाच. नाव न सांगता सत्तरी ओलांडलेल्या माणसांना क्लबातले म्हातारे म्हणणं सोपं आहे. त्यांच्यापैकी एकाने माझ्या आईला रस्ता ओलांडून दिला, आणि तिच्यासारख्या न जाणो किती जणींना. म्हणून मला हे लागलं, आणि लागलं हे मी लपवत नाही.

शिवाय तुम्ही वृत्तान्त पूर्ण वाचलेला दिसत नाही. त्यात व्याख्यान होतं तसं रविवार सकाळचं मोजमापही होतं. अभियांत्रिकीचे विद्यार्थी बरोबर घेऊन आम्ही एका गल्लीतले गतिरोधक मोजले. गल्लीचं नाव मुद्दामच दिलं नव्हतं, आजही देत नाही. आयआरसी ९९च्या १९८८च्या आवृत्तीप्रमाणे गोलाकार गतिरोधक गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि मधोमध दहा सेंटिमीटर उंच असतो. ताशी पंचवीस किलोमीटरने गाडी त्यावरून बिनधक्का जावी, त्याहून जोरात गेली तर चालकाला जाणवावं, अशी ती रचना आहे. आम्ही दोरी ताणून, पट्टी उभी धरून मोजलं. उंची थोडीफार जुळत होती, रुंदी काही केल्या हातभरापुढे जाईना. म्हणजे तो गतिरोधक नाही, डांबराचा वरवंटा आहे. स्कूटरच्या मागे बसलेल्या बाईच्या कमरेला तो रोज एकदा तरी धक्का देतो, आणि मोठी चाकं असलेल्या गाडीला फारसा कळतही नाही. ज्याचा वेग कमी करायचा तो सुटतो आणि ज्याचा वेग मुळात कमी आहे त्याला शिक्षा. एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, हे बनवताना कुणी मोजलं नसेल का?” मला उत्तर देता आलं नाही. पण तिच्या हातात आता दोरी आणि पट्टी आहे, आणि उद्या ती ज्या ऑफिसात जाईल तिथे ती मोजल्याशिवाय सही करणार नाही असा मला विश्वास वाटतो. तुमच्या प्रतिक्रियेत या मुलांचा उल्लेख नाही. ग्रुप फोटोत मात्र तीच पुढच्या रांगेत बसली आहेत.

अमेरिकेत १९३० साली वाहतूक अभियंत्यांची संस्था सुरू झाली. आजही तिच्या प्रादेशिक शाखा हेच करतात: व्याख्यान, प्रकल्पभेट, विद्यार्थ्यांच्या शाखा, ‘ट्रॅफिक बाउल’ नावाची प्रश्नमंजुषा. तिथे त्याला कुणी क्लब म्हणून हिणवत असेल असं वाटत नाही. आपल्याकडे मात्र एकत्र बसलेली माणसं दिसली की पुणेकराची जीभ वळवळते.

राहिला पुलांचा आणि बीआरटीचा प्रश्न. विद्यापीठ चौकातले पूल २०२० मध्ये पाडले गेले आणि बीआरटीचं जे झालं ते सगळ्यांसमोर आहे. संघटनेत सरकारी नोकरीतले लोक आहेत, सल्लागार कंपन्यांतले आहेत, प्राध्यापक आहेत. सगळ्यांच्या वतीने एक जाहीर निवेदन काढणं वाटतं तितकं सोपं नसतं. विषय मोठा आहे, स्वतंत्र लेखाचा आहे, प्रतिक्रियेच्या उत्तरात तो बसणार नाही. एवढंच सांगतो की दोन्ही विषयांवर आमच्यात आपापसांत भरपूर बोलणं झालेलं आहे. ते छापलं नाही म्हणून झालंच नाही असा अर्थ काढणं म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणं आहे.

पुढच्या महिन्यातही रविवारीच मोजमाप आहे, या वेळी फुटपाथचं. आखलेली रुंदी आणि प्रत्यक्ष चालता येईल अशी रुंदी, दोन्ही मोजणार आहोत. झाडाचं आळं, विजेची डीपी, दुकानाची पायरी, लावलेल्या दुचाकी वजा केल्यावर १.८ मीटरपैकी काय उरतं ते पाहायचं आहे. सभासद असण्याची अट नाही. तुम्ही या. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका, ‘करदाता’ म्हणूनच वहीत नोंद करू. फक्त सकाळी सातच्या आत या, कारण त्यानंतर दुचाकी लागायला सुरुवात होते आणि दुकानांची शटरं वर जातात, आणि आम्हाला तोच रस्ता आधी मोकळा आणि मग भरलेला असा दोनदा मोजायचा आहे.

लेखातला दीड मीटरचा आकडा काल रात्रीच दुरुस्त केला. तुमची प्रतिक्रिया खाली आहे तशीच ठेवली आहे, ‘म्हाताऱ्यांचा क्लब’ या शब्दांसकट.