ऑपेरा हाऊस ‘गोऱ्यांचं’? मग बालगंधर्व तिथे काय करत होते?

गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीन ग्रुपांवर आला. वर मुंबईतल्या, चर्नी रोडच्या ऑपेरा हाऊसचा फोटो, खाली मजकूर: ‘देशातलं एकमेव ऑपेरा हाऊस इंग्रज सरकारने गोऱ्यांसाठी बांधलं. आपल्या माणसाला आत मज्जाव होता. मराठी कलेचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. आणि आता सरकारने आपल्या करातून त्यावर कोट्यवधी उधळले.’ खाली रागाच्या इमोजींचा पाऊस.

आधी ‘सरकारने बांधलं’ हे बघू. 1908 साली ही कल्पना निघाली ती दोन धंदेवाईक डोक्यांतून. एक मॉरिस बँडमन, कलकत्त्याचा नाटक कंपनीवाला. दुसरे जहांगीर फ्रामजी कराका, कोळशाच्या दलालीतले पारशी गृहस्थ. 1911 मध्ये पंचम जॉर्ज आले आणि बांधकाम अर्धवट असतानाच उद्घाटन उरकलं गेलं. पुरी इमारत झाली 1912 मध्ये, आणि डागडुजी व भर त्यानंतरही काही वर्षं चालूच होती. अर्धवट कामाची फीत कापायची आपली परंपरा किती जुनी आहे बघा! म्हणजे राजाचा वाटा फीत आणि ‘रॉयल’ हे बिरुद, एवढाच.

मज्जावाचं म्हणाल, तर ज्या थिएटरचा एक जनक पारशी, ते गोऱ्यांपुरतं कसं? शिवाय साहेबाला फक्त साहेबांसाठीच थिएटर काढायचं असतं तर तो कोटात, म्हणजे फोर्टातल्या साहेबी वस्तीत काढता, चाळींच्या गिरगावाला खेटून नव्हे.

मला खरा राग आला तो ‘मराठी कलेचा संबंध नाही’ या वाक्याचा. या रंगमंचावर बालगंधर्व उभे राहिलेत. मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव, बापूराव पेंढारकर, ज्योत्स्नाबाई भोळे यांचे आवाज इथे घुमलेत. आणि ही जागा त्यांना परकी वाटायचं कारणच नव्हतं. ऑपेरा म्हणजे तरी काय? गाण्यातून चालणारं नाटक. पुढे खड्ड्यात वादक आणि वर नट, ज्याचा आवाज मायक्रोफोनशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे. आपल्याकडे खड्ड्यात ऑर्गन आणि तबला असायचा, एवढाच फरक. छताची घडण मुद्दाम अशी केलेली की वरच्या गॅलरीत बसलेल्यालाही शब्द न् शब्द ऐकू यावा. संगीत नाटकाला याहून सोयीचं घर कुठलं? तान जमली की ‘वन्स मोअर’चा गजर करणारा आपला प्रेक्षक आणि तिकडचा ऑपेराचा प्रेक्षक एकाच जातकुळीचे. हिंदीकडे वळायचं तर पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सची नाटकंही इथे व्हायची.

मग सिनेमा आला. 1935 च्या सुमारास आयडियल पिक्चर्सने ही वास्तू घेऊन तिचं चित्रपटगृह करून टाकलं, आणि पडद्यासमोर कडेला बसणाऱ्यांची काय सोय म्हणून रंगमंचालगतच्या जुन्या बॉक्सवर, म्हणजे मोजक्या प्रेक्षकांच्या खास सज्जांवर, गदा आली. ऑपेरा हाऊसचं खरं नुकसान कुणी केलं असेल तर ते पडद्याने. 1952 मध्ये गुजरातेतल्या गोंडल संस्थानच्या महाराजांनी ही वास्तू घेतली. पुढे व्हिडिओ आणि केबलने गर्दी पळवली आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दारं बंद झाली. त्यानंतर वीसेक वर्षं लोक ‘ऑपेरा हाऊस’ म्हणजे हिऱ्यांचा बाजार आणि बसचा स्टॉप एवढंच समजत होते.

‘एकमेव’ला माझी हरकत छोटी आहे. कलकत्त्यालाही लिंडसे स्ट्रीटवर एक ऑपेरा हाऊस होतं. आपलं टिकलं, तेव्हा ‘उरलेलं एकमेव’ म्हणा.

राहिला करांचा प्रश्न. दुरुस्ती केली गोंडलच्या घराण्याने, स्वतःच्या खर्चाने. काम पाहिलं वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी. जुने फोटो हुडकून, रंगाचे थर खरवडून मूळ काय होतं ते शोधलं, गेलेले बॉक्स पुन्हा उभे केले. ऑक्टोबर 2016 मध्ये पडदा उघडला तेव्हा गायल्या पॅट्रिशिया रोझारिओ, मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीतल्या ऑपेरा गायिका. 2017 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली. तिकिटं महाग असतात असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण ती वेगळी तक्रार झाली.

कधी कार्यक्रमाला गेलात तर दिवे मालवण्याआधी पाच मिनिटं लवकर बसा. इथली झुंबरं सॅसून घराण्याने दिलेली, भायखळ्याच्या त्यांच्या ‘सॅन्स सूसी’ बंगल्यातली. तो बंगला म्हणजे आजचं मसीना हॉस्पिटल. मान वर केलीत की घुमट दिसेल, आठ फाकांत विभागलेला, कवी आणि नाटककारांना वाहिलेला. त्याच्या खालीच कधीतरी नांदी झाली होती.