एक ग्रॅम प्रतिद्रव्यावर देश चालेल? हिशेब करून बघू

शाळकरी मुलांच्या ग्रुपवर एक संदेश फिरत असतो: ‘एक ग्रॅम प्रतिद्रव्यातून भारताला वर्षभर वीज मिळेल. सर्नमध्ये त्याचा साठा आहे. निसर्गात ते सापडत नाही. आणि गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढत नाही, वर ढकलतं.’ प्रतिद्रव्य म्हणजे साध्या द्रव्याचं उलट प्रभाराचं जुळं रूप; दोघं भेटली की नष्ट होऊन त्यांची ऊर्जा होते. सर्न ही कणभौतिकीची युरोपीय प्रयोगशाळा. संदेशातली चारही वाक्यं चूक आहेत. गंमत म्हणजे पहिल्यामागचं सूत्र (ऊर्जा = वस्तुमान × प्रकाशवेगाचा वर्ग) मात्र बरोबर आहे.

‘वर्षभर वीज’

एक ग्रॅम प्रतिद्रव्य एक ग्रॅम साध्या द्रव्यासोबत नष्ट होतं, म्हणून सूत्रात दोन ग्रॅम घालायचे. बरीच मुलं इथेच एक ग्रॅम विसरतात. ०.००२ किलोला प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणलं की १८० लाख कोटी ज्यूल येतात. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे झाले ५ कोटी युनिट. देशाला वर्षाला दीड लाख कोटी युनिटहून जास्त वीज लागते. भागाकार करा: वीस मिनिटंसुद्धा निघत नाहीत. तेही सगळी ऊर्जा हाती आली तर. प्रतिप्रोटॉन (प्रोटॉनचं प्रतिद्रव्यातलं जुळं) नष्ट होताना आधी पायॉन नावाचे अल्पजीवी कण निघतात, त्यांच्यापासून पुढे न्यूट्रिनो हे जवळजवळ कशालाच न अडणारे कण तयार होतात आणि ऊर्जेचा मोठा वाटा घेऊन ते भिंतींतून आरपार निघून जातात.

पण खरी मेख पुढे आहे. कोळसा खाणीत मिळतो, प्रतिद्रव्याची खाण नाही. ते वीज खर्चून बनवावं लागतं. प्रतिप्रोटॉन एकटा जन्मत नाही, सोबत एक जादा प्रोटॉन तयार व्हावाच लागतो. दोघांच्या वस्तुमानासाठी सुमारे १.९ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा पुरेशी वाटते. मात्र स्थिर प्रोटॉनवर वेगवान प्रोटॉन आदळला, तर संवेग टिकवण्यासाठी टकरीनंतरच्या चारही कणांना (आधीचे दोन, नवे दोन) पुढे धावावं लागतं. ती गतिज ऊर्जा धरली की किमान ५.६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. म्हणूनच अमेरिकेतल्या बर्कलीचं बेव्हाट्रॉन हे कणांना वेग देणारं यंत्र सहाहून थोड्या जास्त ऊर्जेचं बांधलं, आणि १९५५ साली तिथे प्रतिप्रोटॉन सापडला.

जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये २६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन इरिडियमच्या लक्ष्यावर मारतात. एका खेपेला साधारण १५ लाख कोटी प्रोटॉन जातात, हाती लागतात सुमारे ३ कोटी प्रतिप्रोटॉन. बाकीचे एक तर बनतच नाहीत, नाही तर भलत्या दिशेला किंवा भलत्या वेगाने निघून जातात. आता ऊर्जा मोजा: गेले सुमारे ६२ हजार ज्यूल, परत मिळू शकतात फार तर ०.००९ ज्यूल. म्हणजे ९ वॉटचा एलईडी दिवा एक हजारांश सेकंद. ७० लाख घालून एक परत, आणि यात चुंबक, पंप, शीतकरण यांचं बिल धरलेलंच नाही.

‘सर्नमध्ये साठा आहे’

अशी एक खेप दोनेक मिनिटांनी निघते. एका ग्रॅममध्ये ६ वर २३ शून्यं इतके प्रतिप्रोटॉन असतात. या गतीने ग्रॅम भरायला हजारो कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी आहे.

प्रतिप्रोटॉन साठवतात हे खरं. निर्वात नळीत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राच्या सापळ्यात ते वर्षभराहून जास्त टिकवलेले आहेत. पण सारख्या प्रभाराचे कण एकमेकांना ढकलतात, त्यामुळे सापळ्यात गर्दी करता येत नाही. निर्वात बिघडला किंवा चुंबक बंद पडला तर ते भिंतीला लागून संपतात. स्फोट वगैरे काही होत नाही, फक्त शोधकयंत्रात नोंद उमटते.

‘निसर्गात सापडत नाही’

१९३२ साली भौतिकशास्त्रज्ञ कार्ल अँडरसनला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचं प्रतिद्रव्यातलं जुळं, यंत्रात नाही, अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांत सापडला. केळ्यातल्या पोटॅशियम-४० मधूनही तासा-दोन तासांनी एखादा पॉझिट्रॉन निघतो. कर्करोगाच्या तपासणीत वापरतात त्या पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन-१८ टोचतात. त्याचा पॉझिट्रॉन शरीरातल्या इलेक्ट्रॉनला भेटला की ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन विरुद्ध दिशांना निघतात, आणि त्या रेषांवरून गाठ कुठे आहे ते कळतं. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन विकिरणाचं (एकमेकांवर आदळून विखुरण्याचं) गणित तर होमी भाभांनी १९३६ साली मांडलं. ते आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

‘वर पडतं’

२०२३ साली सर्नच्या अल्फा गटाने याचं उत्तर दिलं. प्रतिहायड्रोजनचे अणू (प्रतिप्रोटॉनभोवती एक पॉझिट्रॉन) उभ्या चुंबकीय सापळ्यात थंड करून हळूहळू सोडले. थंड असूनही अणू सेकंदाला पन्नास-शंभर मीटर वेगाने फिरत असतात, म्हणून एकेकाचं पडणं पाहण्यात अर्थ नव्हता. वरून किती निसटले आणि खालून किती, ते मोजलं. बहुतेक खालून गेले. त्वरण निघालं आपल्या ९.८ च्या ०.७५ पट, अनिश्चितता सुमारे ०.२ पट. म्हणजे खालीच पडतात एवढं पक्कं. आकडा नेमका १ आहे का, हे ठरवायला आणखी थंड अणू हवेत.