48 पैकी 41 हप्ते भरले, तरी गाडी त्यांचीच!

काल पहाटे भावाचा टेम्पो दारातून ओढून नेला. दोन हप्ते थकले होते, कबूल. पण 41 भरलेत, त्याचं काय? फायनान्सवाल्याला फोन लावला तर म्हणे, "करार वाचा." वाचतो ना! बारीक इंग्रजी छपाई, पेन्सिलीनं फुली मारलेल्या जागी भावाच्या सह्या. आत लिहिलंय, शेवटचा हप्ता भरेपर्यंत मालक कंपनी, भाऊ नुसता भाड्यानं वापरणारा. साडेतीन वर्षं टायर, इन्शुरन्स, पासिंगचा खर्च मात्र भाऊच करत होता. तेव्हा मालक कुठं झोपला होता?

आणि कायदा? 1972 साली संसदेनं अशाच करारांसाठी खास भाडे-खरेदी कायदा केला. किमतीचा ठरावीक हिस्सा फेडला की कोर्टात गेल्याशिवाय वस्तू परत घेता येणार नाही, असं त्यात होतं. आमच्याच कामाचा! पण तो लागूच केला नाही. तेहतीस वर्षं फडताळात ठेवला आणि 2005 मध्ये रद्द केला. बारसं नाहीच, थेट तेरावं. वर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं, सगळे हप्ते फिटेपर्यंत मालक फायनान्सवालाच.

रिझर्व्ह बँक म्हणते, अटी कर्जदाराला समजतील अशा भाषेत सांगा, गाडी विकायच्या आधी पैसे भरायची शेवटची संधी द्या. भावाला इंग्रजी समजतं, हे यांना कुणी सांगितलं?

मग 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा सापडला. नुकसानीच्या मानानं अवाच्या सवा दंड, कारण नसताना एकतर्फी करार मोडणं, हे सगळं त्यात 'अन्यायकारक करारा'त मोडतं. हरखून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. तिथं कळलं, सेवेतल्या त्रुटीची तक्रार इथं चालते, करारच अन्यायकारक म्हणायचा तर राज्य आयोगाकडे जा. वकील म्हणाले, टेम्पो धंद्याचा आहे, तेव्हा ग्राहक ठरायचं तर तो स्वतःच्या पोटासाठीच चालवतो हेही दाखवावं लागेल. अहो, सहा महिन्यांत घरी धड जेवला नाही तो, आणखी काय दाखवू?

आज यार्डातून फोन. उभ्या गाडीचं पार्किंग दिवसाला 150 रुपये, तेही भावानंच भरायचं. मालक तुम्ही ना? मग भरा की तुमच्या गाडीचं भाडं!