‘गळे काढू नयेत’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या गोलरक्षकांच्या इतिहासावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली आणि दोन दिवस थांबून मगच उत्तर लिहायला बसलो, कारण पहिल्या वाचनानंतर मनात आलेले उत्तर लिहिण्याजोगे नव्हते. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. ॲलेक्स स्टेपनी क्लबमध्ये आला ते साल मी चुकवले, डेव्हिड डी गियाला दोन ओळींत गुंडाळले, एडविन व्हॅन डर सारच्या विक्रमाचा उल्लेखही केला नाही, आणि शेवटी 1990 मध्ये अंतिम सामन्यानंतर संघाबाहेर बसवलेल्या गोलरक्षक जिम लेटनबद्दलचे आपले वाक्य, जे मी जसेच्या तसे उतरवतो: ‘अंतिम सामन्यात तीन गोल खाल्ले म्हणून लेटनला बसवले, यात अन्याय कसला? जे स्वतः कधी गोलपोस्टमध्ये उभे राहिले नाहीत त्यांनी असे गळे काढू नयेत.’

स्टेपनीच्या बाबतीत आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. चेल्सीकडून 55,000 पौंडांना तो युनायटेडमध्ये आला ते सप्टेंबर 1966 मध्ये. मी 1967 लिहिले होते. ही चूक वरवर लहान दिसली तरी तिच्यामुळे 1966-67 च्या लीग विजेतेपदातला त्याचा वाटाच पुसला जात होता, म्हणून ती दाखवल्याबद्दल आपले मनापासून आभार. चूक दाखवणाऱ्या वाचकाशी माझे कधीच भांडण नसते.

भांडण आहे ते शब्दांशी. ‘गळे काढणे’ हा वाक्प्रचार आपण विचारपूर्वक वापरला असेल असे मी गृहीत धरतो. खोटे रडणाऱ्याला आपल्याकडे गळे काढणारा म्हणतात. म्हणजे मी लेटनविषयी लिहिले ते मला वाटत नसताना लिहिले, असा आपला आरोप झाला. माझा अभ्यास कमी आहे असे कोणी म्हटले तर मी आणखी वाचीन, पण माझी कळकळ खोटी आहे असे म्हणणाऱ्याने निदान लेख शेवटपर्यंत वाचलेला असावा, एवढी अपेक्षा मी ठेवतो. ती आपण पूर्ण केली आहे असे मला दिसत नाही, कारण लेटनला तीन गोल बसले होते हे त्या लेखात मीच लिहिले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. 12 मे 1990 रोजी वेम्बलीवर क्रिस्टल पॅलेसविरुद्धचा एफए कपचा (इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा) अंतिम सामना जादा वेळेनंतर 3-3 असा बरोबरीत सुटला. पहिल्या गोलच्या वेळी लेटन पुढे आला आणि चेंडूपर्यंत पोहोचला नाही, हे मी नाकारत नाही. बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या इयन राइटने उरलेले दोन गोल केले. पाच दिवसांनी, 17 मे रोजी, सामना पुन्हा खेळवला गेला तेव्हा युनायटेडचे व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी लेटनला वगळून लेस सीलीला उभे केले. सीली ल्युटनकडून उसना आणलेला होता आणि युनायटेडसाठी तोवर जेमतेम दोन सामने खेळला होता. ली मार्टिनच्या एकमेव गोलवर युनायटेडने कप जिंकला. फर्ग्युसन यांचा युनायटेडमधला तो पहिला करंडक होता.

आपण आकड्यांचा आग्रह धरता, म्हणून त्या मोसमातलेच आकडे मांडतो. त्या कपच्या वाटेवर युनायटेडने नॉटिंगहॅम फॉरेस्टला 1-0 ने, हेरफर्डला 1-0 ने आणि शेफील्ड युनायटेडला 1-0 ने हरवले. तिन्ही सामन्यांत संघाकडे एकच गोल होता आणि तिन्ही सामन्यांत लेटनने एकही गोल होऊ दिला नाही. त्या तिन्हींपैकी एका सामन्यात त्याचा हात एकदा जरी चुकला असता, तरी वेम्बलीची वाट तिथेच संपू शकली असती. फॉरेस्टचा सामना तर फर्ग्युसन यांची नोकरी धोक्यात असल्याची चर्चा चालू असताना झाला होता. त्या सामन्याच्या आठवणीत गोल करणाऱ्या मार्क रॉबिन्सचे नाव आजही घेतले जाते, पण पलीकडच्या टोकाला कोण उभे होते हे कोणी विचारत नाही. तुम्हीही विचारले नाहीत.

त्या मोसमात लेटन चांगल्या लयीत नव्हता, हे मान्यच आहे. सप्टेंबर 1989 मध्ये मँचेस्टर सिटीने 5-1 ने धुव्वा उडवला तेव्हाही गोलमध्ये तोच होता. त्याला बसवण्याचा निर्णय खेळाच्या हिशेबाने योग्य ठरला, असेही मी लेखात म्हटले आहे. मी अन्याय म्हटले ते निर्णयाला नव्हे. ॲबर्डीन या स्कॉटिश क्लबमध्ये फर्ग्युसन यांच्याच हाताखाली तो घडला होता. 1983 मध्ये रेआल माद्रिदला हरवून युरोपातला कप विनर्स कप जिंकला तेव्हा गोलमध्ये तोच होता. 1988 मध्ये त्याच गुरूच्या शब्दावर तो मँचेस्टरला आला. अशा माणसाला सात सामन्यांतून कपच्या दारापर्यंत संघ आणून दिल्यावर आठव्या सामन्याला काढले गेले, आणि मग तो युनायटेडसाठी आणखी फक्त एकच सामना खेळला. दहा बचावपटू आणि आघाडीपटू मिळून चुका करतात तेव्हा त्या चुका वाटल्या जातात. गोलरक्षकाची चूक कोणाशी वाटून घेता येत नाही, कारण ती फलकावर लिहिली जाते. तरीही हा माणूस मोडला नाही. 1998 च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्धच्या उद्घाटनाच्या सामन्यात, वयाच्या 39 व्या वर्षी, स्कॉटलंडच्या गोलमध्ये जिम लेटन उभा होता.

गोलपोस्टमध्ये मी कधी उभा राहिलो नाही, हे आपण कशाच्या आधारे लिहिले ते मला माहीत नाही. मी कोल्हापूरचा आहे आणि आमच्या पेठेच्या संघासाठी नऊ मोसम गोली होतो. त्या काळी आमच्याकडे हातमोजे नव्हते. बोटांना चिकटपट्टी गुंडाळून उतरायचे. शाहू स्टेडियमच्या त्या वेळच्या कडक मैदानावर झेप घेतली की कोपराची सालटी मागे राहत आणि पावसाळा येईपर्यंत जखमेवर धड खपलीही धरत नसे. एका आघाडीपटूच्या बुटाखाली सापडलेली माझी डाव्या हाताची करंगळी आज अठ्ठावन्नाव्या वर्षीही सरळ होत नाही. हे उत्तर टंकताना ती वाकडीच आहे.

1988 सालची गोष्ट सांगतो. उपांत्य सामन्यात मला दोन गोल बसले, तरी आम्ही 3-2 ने जिंकलो. अंतिम सामन्याच्या दिवशी आईने धुऊन इस्त्री करून दिलेली जर्सी पिशवीत घालून मी दोन तास आधी मैदानावर पोहोचलो. संघाच्या व्यवस्थापकांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी हात पुढे करून जर्सी मागितली आणि माझ्यासमोरच ती दुसऱ्या मुलाला दिली. जर्सी एकच होती. त्याने ती डोक्यावरून घातली तेव्हा इस्त्रीच्या घड्या अजून तशाच होत्या. आम्ही तो सामना जिंकलो, मिरवणूक निघाली, गुलाल माझ्याही अंगावर पडला, आणि त्या मिरवणुकीत मी कुठे चालावे हे मला शेवटपर्यंत समजले नाही. दोन वर्षांनी वर्तमानपत्राच्या क्रीडा पानाच्या तळाशी चार ओळींत लेटनची बातमी वाचली, तेव्हा त्या माणसाचा खेळ मी एकदाही पाहिलेला नव्हता, तरी त्याला काय झाले असेल ते मला कोणी सांगावे लागले नाही. यालाच आपण गळे काढणे म्हणता.

आणि हे एकट्या लेटनपुरते नाही, म्हणूनच मी त्याला या क्लबच्या इतिहासात एवढी जागा दिली. 1957 च्या एफए कप अंतिम सामन्यात सहाव्या मिनिटाला, चेंडू हातात असताना, युनायटेडचा गोलरक्षक रे वूडला ॲस्टन व्हिलाच्या पीटर मॅकपारलंडने धडक दिली आणि त्याच्या गालाचे हाड मोडले. बदली खेळाडूंची सोय तेव्हा नव्हती; बचावपटू जॅकी ब्लँचफ्लॉवर गोलमध्ये गेला, वूड तशाच अवस्थेत परत येऊन कडेला उभा राहिला आणि सामना 2-1 असा हातून गेला. दोन्ही गोल त्याच मॅकपारलंडचे. पुढच्याच वर्षी अंतिम सामन्यात बोल्टनच्या नॅट लॉफ्टहाउसने युनायटेडचा गोलरक्षक हॅरी ग्रेगला चेंडूसकट जाळीत ढकलले आणि पंचांनी गोल दिला. हा तोच ग्रेग, ज्याने तीन महिन्यांपूर्वी म्युनिकच्या धावपट्टीवर युनायटेडच्या संघाच्या अपघातग्रस्त, जळत्या विमानात परत शिरून तान्ह्या मुलीला आणि तिच्या आईला बाहेर काढले होते आणि अपघातानंतर 13 दिवसांनी पुन्हा गोलमध्ये उभा राहिला होता. युनायटेडमध्ये त्याला विजेतेपदाचे एकही पदक मिळाले नाही. केवळ क्लीन शीट, म्हणजे एकही गोल न खाल्लेले सामने, मोजत गेलो, तर ग्रेगचे नाव किती खाली जाईल, याचा विचार आपण करून पाहावा.

डी गियाचे 545 सामने आणि 190 क्लीन शीट, पीटर श्मायकेलच्या 180 च्या पुढे, हे मला ठाऊक आहे. व्हॅन डर सारने 2008-09 मध्ये लीगमध्ये सलग 1,311 मिनिटे गोल होऊ दिला नाही, हेही ठाऊक आहे, आणि त्याच्यापुढे फर्डिनंड आणि विदिच हे बचावपटू उभे होते हेही. हे आकडे कोणालाही क्षणात सापडतात, म्हणून त्यांच्यावर मी शब्द खर्च केले नाहीत. त्याबद्दल आणखी काही लिहावे असे मला वाटत नाही.

‘लेस सीलीचे काय, त्याने तर संधीचे सोने केले,’ असे आपण कंसात लिहिले आहे. त्याच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. 1991 मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यात त्याचा गुडघा खोल फाटला, आणि काही आठवड्यांनी रॉटरडॅमला तोच पट्ट्या बांधलेला पाय घेऊन तो बार्सिलोनासमोर उभा राहिला आणि युनायटेडने कप विनर्स कप जिंकला. 1988 साली ज्या मुलाला माझी जर्सी मिळाली त्याच्याविषयीही माझ्या मनात कधी किल्मिष नव्हते.

स्टेपनीचे साल लेखात आज दुरुस्त केले आहे. लेटनवरचा परिच्छेद मी पुन्हा वाचला, आणि तो आहे तसाच ठेवला आहे.